मशीन चालवता येतं, पण जॉब का बिघडला ते सांगता येत नाही: वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेली पत्रं आणि मेसेज एकत्र घेऊन बसलो तर निम्म्याहून जास्त एकाच विषयावरची निघाली. पोरं लिहितायत काम मिळत नाही, मालक लिहितायत माणूस मिळत नाही, आणि गंमत नाही पण खरंच सांगतो, दोघंही कधीकधी एकाच एमआयडीसीतल्या एकाच रस्त्यावरचे असतात. टूल रूम आणि क्वालिटीत माझी एकतीस वर्षं गेली, थोडी साताऱ्यात आणि बाकी सगळी सांगलीत, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे. म्हणून हा अंक पूर्ण यालाच दिलाय. पत्रं थोडी छोटी केलीयत, नावं काढलीयत. आधी पत्र, मग माझं उत्तर.

सर, मी २२ वर्षांचा, मिरज तालुक्यातला. आयटीआयला मशिनिस्ट ट्रेड केला, ७८ टक्के पडले. तिथं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन) होतं पण त्याच्यावर कायम कापड टाकलेलं, दोन वर्षांत दोनदाच चालू झालेलं बघितलं. आता १४ महिने झाले कुपवाडला ठेकेदाराकडून सीएनसीवर आहे, १२ तास शिफ्ट. जॉब (कापायचा पार्ट) लावायचा, हिरवं बटण दाबायचं, झाला की काढायचा, हवा मारायची, ट्रेमध्ये ठेवायचा, एवढंच. मागच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू दिला, त्यांनी विचारलं ओडी (बाहेरचा व्यास) चाळीस मायक्रॉन (०.०४ मिलीमीटर) मोठा आला तर काय करशील. मी म्हटलं सेटरला (मशीन सेट करून देणाऱ्याला) बोलवीन. त्यांनी कागद परत दिले. सांगलीत एक क्लास आहे, तीन महिन्यांचा, ३५ हजार फी. करू का?

माझ्या पोराच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, कारण यात तुझी चूक फार थोडी आहे. दोन वर्षं शिकून आणि वर १४ महिने मशीनसमोर उभा राहून जर तुला ऑफसेट (मशीनमध्ये टाकायची टूलच्या मापाची दुरुस्ती) माहीत नसेल तर तुला तो कुणी दाखवलाच नाही. हे मनातून काढून टाक की तू कमी आहेस.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. नुसतं उत्तर पाहिजे असेल तर त्या टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये एक्सला वजा ०.०४ टाकायचं, झालं. हे पाच मिनिटांत शिकवता येतं. पण माझ्यासमोर बसला असतास आणि हेच उत्तर पटकन दिलं असतंस तरी मी तुला अर्धेच मार्क दिले असते, कारण ऑफसेटला हात लावायच्या आधी बघायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. जॉब गरम आहे का? मशीनमधून काढला आणि लगेच मायक्रोमीटर लावला की मोठाच दाखवणार. एक मीटर स्टील एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे १०० मिलीमीटरचा ओडी २० अंशांनी गरम असेल तर २३ मायक्रॉन नुसते उष्णतेचे. तू ते बघून ऑफसेट मारलास की संध्याकाळी गार झालेला अख्खा ट्रे अंडरसाइज. जगभर मापाचं तापमान २० अंश सेल्सिअस धरलेलं आहे ते उगाच नाही, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये किती असतं ते तुला मी सांगायला नको. मग पुढं, मायक्रोमीटरचा झिरो बरोबर आहे का? इन्सर्टची, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या तुकड्याची, कड गेलीय का, तुटलीय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा एकच पीस मोठा आला की मागच्या वीस पीसपासून हळूहळू वाढत आलाय? हळूहळू वाढत आला असेल तर इन्सर्ट झिजतोय, एकदम उडी मारली असेल तर काहीतरी हललंय, जॉ (जॉब धरणारे जबडे) ढिले असतील, चिप (धातूचा कीस) अडकली असेल, जॉब नीट बसला नसेल. दोन्हीची औषधं वेगळी.

मी इंटरव्ह्यू घ्यायचो तेव्हा टेबलावर मुद्दाम एक व्हर्नियर ठेवायचो ज्याचा झिरो थोडा पुढं होता. पोरांना एक बुश द्यायचो आणि म्हणायचो माप सांग. बहुतेकजण झटकन माप सांगायचे, दोन दशांशापर्यंत, फार आत्मविश्वासानं. एखादाच पोरगा आधी जबडे मिटवून उजेडाकडं धरायचा आणि म्हणायचा, सर, हा तर झिरोलाच चुकतोय. त्याला मी ट्रेड विचारत नव्हतो, टक्के विचारत नव्हतो. एकदा असा निघालेला पोरगा बारावी नापास होता आणि आज तो सीएमएमवर (कॉम्प्युटरनं माप घेणाऱ्या मशीनवर) आहे.

क्लासचं. ३५ हजार ही तुझ्या घरी किती मोठी रक्कम आहे ते मला माहीत नाही, पण ती भरायच्या आधी तिथं जाऊन तीन प्रश्न विचार. एका मशीनवर किती पोरं? माझ्या स्वतःच्या हातात मशीन किती तास? आणि नव्या जॉबचं सेटिंग, म्हणजे जॉ बसवणं, टूल टच करणं, ऑफसेट घेणं, फर्स्ट पीस काढणं, हे मी एकट्यानं कितीदा करणार? उत्तर जर "आम्ही कॉम्प्युटरवर सिम्युलेशन दाखवतो" असं आलं तर परत ये. प्रोग्रॅमिंगचे कोड पाठ करायला ३५ हजार लागत नाहीत, जी शून्य जी एक काय करतं हे भारत स्किल्सच्या सरकारी पोर्टलवर फुकट आहे, आयटीआयच्या पोरांसाठीच केलंय ते. खरंच पैसे घालून शिकायचं असेल तर केंद्र सरकारच्या टूल रूमचे कोर्स बघ, छत्रपती संभाजीनगरची इंडो जर्मन टूल रूम त्यातलीच, तिथं हातानं काम करून घेतात. पैसे गेले तरी काहीतरी घेऊन येशील.

पण त्याच्या आधी फुकटातलं कर. खिशात एक छोटी वही ठेव. इन्सर्ट बदलला की पीसचा नंबर लिही, माप लिही. पंधरा दिवसांत तुला कळायला लागेल की हा इन्सर्ट किती पीसनंतर माप सोडतो, आणि हे तुझ्या सुपरवायझरलासुद्धा माहीत नसेल. शिफ्टच्या वीस मिनिटं आधी जा आणि सेटर सेटिंग करत असेल तिथं उभा राहा, पाना दे, टॉर्च धर. बहुतेक सेटर पहिले चार दिवस हाकलतात आणि पाचव्या दिवशी सांगायला लागतात. आणि जिथं अप्रेंटिसशिप मिळेल अशी कंपनी बघ, पगार थोडा कमी पडला तरी. वर्षभर तिथं काढून परीक्षा दिलीस की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं, ते ठेकेदाराच्या गेटपासपेक्षा फार वजनदार आहे.

एक राहिलं. १२ तास करतोस तर आठ-नऊ तासांच्या वरच्या तासांचे पैसे दुप्पट दरानं मिळायला पाहिजेत, हे कायद्यात आहे. पगाराची स्लिप नीट बघ, मिळत नसेल तर एकटा भांडायला जाऊ नको, चार-पाचजण मिळून विचारा.

दादा नमस्कार. कराडच्या बाजूचा हाय. २७ वर्षं फाउंड्रीत मोल्डिंगला (धातू ओतायचे वाळूचे साचे करायला) काढली, वय ४९, नववी नापास. आता कंपनीत ऑटोमॅटिक मोल्डिंग लाइन येतीय. साहेब म्हणत्यात कुणाला काढणार नाय पण आमच्या जागी स्क्रीन बघणारी पोरं घेतली तर आमी काय करायचं? पोरीचं लग्न अजून व्हायचंय.

दादा, तुमच्यापासून काही लपवत नाही. हातानं साचा ठोकायचं काम त्या लाइनवर राहणार नाही. सहा माणसं दिवसभरात करत होती तेवढे साचे ती लाइन तासात काढेल. त्यामुळं "काही होणार नाही" असं जो कोण सांगतोय त्याच्यावर विसंबून राहू नका.

पण आता दुसरी बाजू ऐका, आणि ही मी तुमचं मन राखायला सांगत नाही. लाइन आली म्हणून वाळू बदलत नाही. तुम्ही वाळूची मूठ दाबता, उघडून बघता बोटांचे ठसे नीट उमटलेत का, मग मधून मोडता, कड स्वच्छ मोडली तर म्हणता चालतंय, तळव्याला चिकटली तर म्हणता पाणी जास्त झालंय, आज ब्लो होल (कास्टिंगमध्ये हवेची पोकळी) येणार. भुगा झाला तर म्हणता साचा धरणार नाही. ही जी मूठ आहे ना, तिलाच लॅबमध्ये कॉम्पॅक्टॅबिलिटी (वाळू किती दाबली जाते) म्हणतात, मॉइश्चर (ओलावा) म्हणतात. साडेतीन-चार टक्के ओलावा म्हणून ती पोरं जे लिहितात ते तुम्ही २७ वर्षं हातानं वाचताय. आणि हातमोल्डिंगला वाळू बिघडली तर दहा-वीस साचे वाया जायचे, लाइनवर बिघडली तर कुणाच्या लक्षात येईपर्यंत शेकडो साच्यांत धातू ओतून झालेला असतो. म्हणून अशा लाइनवर वाळू ओळखणारा माणूस पहिल्यापेक्षा जास्त लागतो. स्क्रीनवर आकडा दिसतो, पण सेन्सर चुकतोय की वाळू चुकतीय हे स्क्रीनला कळत नाही.

करायचं काय ते सांगतो. लाइन बसायच्या आधी, बसल्यावर नाही, साहेबांना लेखी अर्ज द्या की मला सँड प्लांटला आणि सँड लॅबला पंधरा दिवस बसवा. लेखी द्या, तोंडी सांगितलेलं विसरतात. लॅबच्या पोराशी दोस्ती करा, तुम्ही मूठ दाबून सांगायचं, त्यानं मशीनवर टेस्ट करायची, दोघांचं जुळतंय का बघायचं. आठवड्यात तुम्हाला त्या आकड्यांची भाषा कळायला लागेल आणि त्या पोराला वाळूची. स्क्रीन शिकायला घाबरू नका, मोबाइलवर पैसे पाठवता ना, त्याच्यापेक्षा अवघड नसतं. आणि सर्टिफिकेटचं म्हणाल तर आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे, त्याला आरपीएल म्हणतात. नववी नापास असलात तरी चालतं. कंपनीच्या एचआरला विचारा, दहा-पंधराजण मिळून मागितलं तर कंपनीतच घेता येतं.

अजून एक, कामाचं नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २७ वर्षं वाळूच्या धुळीत काढलीत, छातीचा एक्स-रे काढून घ्या. खोकला नसला तरी काढा.

माझी मुलगी दहावीला ८२ टक्के मिळवून पास झाली. तिला मेकॅनिकलला जायचंय. घरचे सगळे म्हणतात मुलीची जात, मशीनवर कुठं उभी राहणार, बारावी सायन्स कर. डिप्लोमा की आयटीआय की काहीच नको? (एक आई, विटा)

ताई, जाऊ द्या तिला. डिप्लोमा तीन वर्षांचा आहे, ८२ टक्क्यांना चांगल्या पॉलिटेक्निकला लागेल आणि पुढं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. खर्चाची अडचण असेल तर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, तोही रस्ता चांगला आहे आणि हात आधी तयार होतात. मी स्वतः ज्या क्वालिटी लॅबमध्ये होतो तिथं शेवटी शेवटी मापाच्या कामात सगळ्यात काटेकोर दोन मुलीच होत्या, एकदा गेज हातात घेतला की दोनदा बघितल्याशिवाय सही करायच्या नाहीत. तुमच्या विट्यात घराघरात बायका यंत्रमागावर उभ्या राहिल्यात ना इतकी वर्षं, तेव्हा कुणी विचारलं नाही मुलीची जात मशीनवर कशी. फक्त कंपनी निवडताना एक बघा, जायची-यायची गाडी आहे का आणि बायकांना वेगळं टॉयलेट आहे का. हे विचारायला लाजू नका, मी बऱ्याच चांगल्या मुली याच्यापायी काम सोडताना बघितल्यात.

साहेब, पलूस एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे, ३५ माणसं, सहा सीएनसी लेथ, चार व्हीएमसी (मिलिंगची उभी सीएनसी मशीन). सेटर मिळत नाही. शिकवला की दीड वर्षात चाकणला पळतो. मागच्या महिन्यात जाहिरात दिली, साठ अर्ज आले, त्यातले निम्मे इंजिनिअर, मायक्रोमीटर धड धरता येत नव्हता एकालाही. या शिक्षणसंस्था करतात काय? आम्ही पोरं शिकवायची शाळा काढलीय का?

साहेब, शेवटचा प्रश्न तुम्ही रागानं विचारलाय, पण मी त्याचंच उत्तर मनापासून देणार आहे. हो, थोडीशी शाळा काढायला लागतीय.

तुमच्या शेडपासून किर्लोस्करवाडी किती जवळ आहे ते तुम्हाला मी सांगायचं म्हणजे अतीच झालं. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर औंध संस्थानाच्या त्या माळावर आले तेव्हा तिथं कुठली आयटीआय होती? आयटीआयची योजनाच मुळात १९५० ची. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ चं. त्यांना आजूबाजूच्या गावातलीच माणसं मिळाली, शेतातली, लिहिता-वाचता न येणारीसुद्धा, आणि त्यांच्याकडून त्यांनी लोखंडी नांगर करून घेतले. लक्ष्मणराव स्वतः आधी मुंबईत व्हीजेटीआयला शिकवायला होते, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. कारखाना काढणारा माणूस मास्तर होता. आणि तेच नांगर विकायला गावोगाव फिरलेले भाऊराव पाटील पुढं कर्मवीर झाले, १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, कमवा आणि शिका म्हणाले. आपल्या भागात कारखाना आणि शाळा या दोन गोष्टी कधीच एवढ्या लांब नव्हत्या जेवढ्या आपण आता करून ठेवल्यात.

संस्थांचा दोष आहे, मी झाकत नाही. जुन्या मशिनी, रिकाम्या जागा, लेखी परीक्षेवर भर. डिग्रीच्या पोराला चार वर्षांत कानस घासायला दिली नाही तर तो मायक्रोमीटर कसा धरणार. पण संस्था सुधारायची वाट बघत तुमच्या व्हीएमसी थांबणार आहेत का? हप्ते थांबत नाहीत ना?

आता व्यवहाराचं बोलू. तुमच्याकडं ३५ माणसं आहेत म्हणजे अप्रेंटिस घेणं तुम्हाला तसंही बंधनकारक आहे, तीस आणि वर माणसं असली की मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. तुमच्या हिशोबानं एक ते पाच पोरं. त्यांच्या स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार भरतं. बरेच मालक अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर समजतात, झाडू मारायला लावतात, आणि वर्षानं तो गेला की म्हणतात पोरं टिकत नाहीत. पाच घ्या आणि पाचांनाही पहिले दोन महिने फक्त माप आणि ड्रॉइंग शिकवा. रोज एक तास. तुमचा जो म्हातारा फिटर असेल त्याला त्या तासाचे जादा पैसे द्या.

दुसरं, मला एक सांगा, तुमच्या सेटरच्या डोक्यात काय आहे ते कागदावर कुठं आहे? मी अंदाज करतो, नाही. त्याच्या खिशात एक डायरी असेल, तेलकट झालेली, तीत प्रत्येक जॉबचं टूल, स्पीड, फीड, कुठला जॉ, कुठं पॅकिंग. तो चाकणला गेला की डायरीपण जाते आणि तुम्ही पुन्हा शून्यावर. प्रत्येक जॉबचं एक पान करून मशीनच्या दाराला लावा, फोटोसकट. डायरीवाल्यालाच करायला सांगा आणि त्याचे त्याला वेगळे पैसे द्या, कारण ती त्याची कमाई आहे, फुकट मागू नका. मग पुढचा सेटर दीड वर्षाऐवजी सहा महिन्यांत तयार होईल.

आणि पळून जाण्याचं. मी एका कंपनीत असताना तीन वर्षांत सात सेटर गेले, मालक म्हणायचा पोरांना निष्ठा नाही. मग मी त्यातल्या चौघांना फोन करून विचारलं. पगाराचा फरक होताच, पण चाकणचं खोलीभाडं आणि खाणावळ वजा केल्यावर उरत होते जेमतेम तीन-चार हजार. तेवढ्यासाठी आई-बाप, शेत, म्हशी सोडून गेलेला पोरगा नुसत्या पैशाला गेलेला नसतो. एकानं सांगितलं, सर, इथं ऑपरेटरचा सेटर झालो तरी पगार दिवाळीलाच वाढणार आणि किती वाढणार ते मालकाच्या मूडवर, तिथं बोर्डावर लिहिलेलं होतं, ही परीक्षा पास झालास की एवढे. बस्स, एवढंच. तुम्हीही लावा तसा बोर्ड. ऑपरेटर, फर्स्ट पीस पास करणारा, सेटर, प्रोग्रॅमर, प्रत्येक पायरीला काय यायला पाहिजे आणि किती रुपये. तरी काही जातील, जाऊ दे. पण राहणारे राहतील आणि गेलेलेसुद्धा लग्न झाल्यावर परत यायला बघतात, तेव्हा तुमचं दार त्यांना आठवलं पाहिजे.

साठ अर्ज आले तर मार्कशीट बाजूला ठेवा. एक जॉब, एक ड्रॉइंग, एक झिरो चुकलेला व्हर्नियर. वीस मिनिटांत कळेल.

फलटणला इंजिनच्या पार्टच्या मशीनिंगला आहे, क्रँकशाफ्ट लाइन. इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर आमचं काम संपणार का? आत्ताच दुसरीकडं बघू का?

इलेक्ट्रिक गाडीत क्रँक नाही, कनेक्टिंग रॉड नाही, पिस्टन, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट यातलं काही नाही. जे खरं आहे ते खरं. पण सगळंच इंजिन एका दिवसात जात नाही. ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर, जेसीबी, ही मंडळी स्कूटरइतक्या लवकर बदलणारी नाहीत, आणि तुमच्या लाइनचं गिऱ्हाईक यातलं कोण आहे ते आधी शोधा. दुचाकीचे पार्ट करत असाल तर घाई करा, जनरेटरचे करत असाल तर वेळ आहे. हब, अ‍ॅक्सल, ब्रेक, सस्पेन्शन हे गाडी कशावरही चालली तरी लागणारच, आणि मोटरची हाउसिंग वगैरे नवं काम अ‍ॅल्युमिनियममध्ये येतंय.

तुम्ही क्रँक कापता म्हणून तुम्हाला क्रँक येतो असं समजू नका, तुम्हाला ग्राइंडिंग येतं, रनआउट (फिरताना पार्ट किती हलतो ते) बघता येतो, मायक्रॉनमध्ये विचार करता येतो. हे कुठल्याही पार्टला चालतं. कमी काय आहे ते बघा. माझ्या अनुभवानं बिडाच्या आणि स्टीलच्या माणसाला अ‍ॅल्युमिनियम दिलं की पहिले काही दिवस चकतो, धातू इन्सर्टला चिकटतो, पातळ भिंत क्लॅम्पिंगनं दबते, क्लॅम्प सोडला की गोल बोर लंबगोल होतो. मशीनवर माप बरोबर आणि टेबलावर चूक. हे शिकायची संधी कंपनीत कुठंही आली, एखादा सॅम्पल जॉब आला तरी, हात वर करा. नोकरी बदलायची घाई नको, लाइन बदलून मागा.

मी शासकीय आयटीआयमध्ये निदेशक आहे, सातारा जिल्ह्यात. सगळे आम्हालाच दोष देतात. मशीन आहे तर इन्सर्टला पैसे नाहीत, मटेरियल नाही, मेंटेनन्सवाला तीन महिने येत नाही. पोरांना काय दाखवू?

सर, तुमचं दुखणं मला माहीत आहे, वरच्या पहिल्या पत्रातलं कापड टाकलेलं मशीन वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल. मे २०२५ मध्ये केंद्रानं एक हजार सरकारी आयटीआय सुधारायला ६० हजार कोटींची योजना मंजूर केलीय, त्यात तुमची संस्था येईल तेव्हा येईल, पाठपुरावा करत राहा. पण तोपर्यंतची दोन वर्षं म्हणजे पोरांची एक अख्खी बॅच आहे.

त्यामुळं एक सुचवतो, याला मंजुरी आणि टेंडर लागत नाही. जवळच्या एमआयडीसीत कुठल्याही मशीन शॉपच्या मागच्या दारी जा, तिथं रिजेक्शनचा ढीग असतो, लाल रंग मारलेला. भंगारात जायच्या आधी त्यातले वीस-पंचवीस जॉब मागून आणा आणि सोबत त्यांच्या ड्रॉइंगची झेरॉक्स मागा, ड्रॉइंग द्यायला का-कू केली तर गिऱ्हाइकाचं नाव झाकून मागा. क्वालिटीच्या माणसाला विचारून प्रत्येक जॉब कशामुळं गेला ते तुमच्या वहीत लिहून घ्या, पोरांना सांगू नका. मग वर्गात चार-चार पोरांना एकेक जॉब द्या, व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल, जे असेल ते, आणि म्हणा हा जॉब का मेला ते शोधा. कुणी म्हणेल बोर मोठा आहे, मग विचारा मोठा कशानं झाला असेल. कुणी चॅटर मार्क (टूल थरथरल्याच्या खुणा) दाखवेल, कुणाला कास्टिंगमधलं ब्लो होल सापडेल, कुणाला काहीच सापडणार नाही कारण चूक समोरासमोरच्या दोन बोअरच्या सरळ रेषेत असेल आणि ती व्हर्नियरनं दिसत नाही, मग ती कशानं दिसते हा पुढचा तास. मशीन बंद असलं तरी हे होतं. मी एका मित्राच्या संस्थेत दोन शनिवार हे करून बघितलं, पहिल्या शनिवारी मागच्या बाकावर मोबाइल चालू होते, दुसऱ्या शनिवारी सुट्टीची बेल झाली तरी दोन गट एका फुटलेल्या पंप केसिंगवरून भांडत होते.

वरचे पलूसचे साहेब मला लिहितात की पोरांना मायक्रोमीटर धरता येत नाही. तुमची हरकत नसेल तर त्यांचा नंबर तुम्हाला आणि तुमचा त्यांना देतो, दोघांनीही मला तसं कळवा. त्यांच्या ढिगातल्या जॉबचं पहिलं पोतं आणायला मी स्वतः गाडी घेऊन येईन.